मध्य, कडा आणि सपाटी

गोल होणं तसं सोपं. कुठलीही मऊ वस्तू हाताखाली फिरवत राहिलं की ती गोल होते. भाकरी थापताना फिरते, पोळी लाटताना फिरते, लेथवरचा लोखंडाचा तुकडा तर फिरण्यासाठीच बांधलेला असतो. फिरण्यात चूक वाटली जाते. हात एका बाजूला जड पडला तर पुढच्या वळणाला ती बाजू पलीकडे गेलेली असते आणि तो जडपणा दुसऱ्या बाजूच्या वाट्याला येतो. सपाटीला अशी आयती सोय नाही. तवा, परात, गिरणीचा दगड, ग्रामोफोनची तबकडी, मोटारसायकलची ब्रेक डिस्क, करवतीचं पातं, वायसर (वॉशर), ड्रेनेजचं झाकण. यांच्या कामांचं एकमेकांशी नातं नाही, पण बिघडतात बहुतेक एकाच तऱ्हेने. गोलाई टिकते, सपाटी जाते.

का जाते, याचा नियम छोटा आहे. चकतीचा मधला भाग पसरला आणि कडा होती तेवढीच राहिली, तर चकतीची वाटी होते. कडा पसरली आणि मधला भाग तेवढाच राहिला, तर कडेला लाटा येतात, झालर होते. आकसण्याचं याच्या उलट: कडा आकसली तर वाटी, मध्य आकसला तर झालर.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हा नियम हातोडीखाली रोज दिसतो. तांब्याचा पत्रा गोल कापून लाल होईपर्यंत तापवला की मऊ पडतो. पोलादासारखं त्याचं नाही, लाल तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. मग हातोडीचा प्रत्येक ठोका त्या जागचा पत्रा किंचित पातळ करतो, आणि पातळ झालेलं तांबं आजूबाजूला पसरतं. परातीच्या तळाला मध्यावर दोन फेऱ्या जास्त पडल्या तर तळ फुगतो. कडेला जास्त पडल्या तर परात जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगते. म्हणून मठार, म्हणजे हातोडीचे ठिपके, वर्तुळात, एका ठोक्याला लागून दुसरा, सारख्या जोराने मारत जातात. ते ठिपके शोभेचे समजून लोक पैसे मोजतात, पण मूळ काम त्यांचं वेगळं. ठोक्यांनी तांबं ताठ होतं, त्यामुळे पातळ पत्र्याचं भांडंही दबत नाही. ताठपणाला मर्यादा आहे. मध्ये पुन्हा तापवून मऊ न करता ठोकत राहिलं तर कडेला चीर जाते, आणि चीर एकदा गेली की ती मागे घेता येत नाही, तेवढी कड कापूनच टाकावी लागते.

लाकडाच्या वखारीतलं गोल करवतीचं पातं याच विद्येवर चालतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पातं वेगाने फिरलं की कडा बाहेरच्या दिशेला ताणली जाते, शिवाय घर्षणाने तापून आणखी वाढते. म्हणजे झालर. लाकडातला काप नागमोडी येतो तो यामुळे, आणि मग दोष दातांना दिला जातो. जाणता कारागीर पात्याचा मधला पट्टा ऐरणीवर ठोकून आधीच थोडा पसरवून ठेवतो. असं पातं हातात धरून हलवलं तर मध्ये सैल लागतं, नवख्याला ते बिघडलेलं वाटतं. फिरायला लागल्यावर कडा ताणून मध्याच्या बरोबरीला येते आणि पातं सरळ होतं. ते सरळ होतं एका ठरावीक वेगालाच. मोटारची पुली बदलून वेग वाढवला की तेच पातं डगमगतं.

तव्याचं उलट. आंच मध्यावर लागते, कडा थंड राहते, मध्याला पसरायला जागा मिळत नाही. पातळ तवा मोठ्या आंचेवर टाकून दिला की मध्य वर उचलला जातो किंवा खाली जातो. वर उचलला तर तेल कडेला पळतं आणि घावनाचा मध्य करपतो. इंडक्शनवर तर असा तवा अर्धाच तापतो. उपाय जाडीत आणि सावकाशीत आहे: चार-पाच मिलिमीटर जाड लोखंड किंवा बिडाचा तवा, सुरुवातीची पाच मिनिटं मंद आंच, आणि गरम तव्यावर गार पाण्याचा हबका नाही. लोखंडी तवा त्या हबक्याने वाकतो, बिडाचा तडकतो. चांगल्या भांड्यांचा तळ थंड असताना किंचित आत गेलेला असतो, सरळपट्टी लावली की मध्ये बारीक फट दिसते. तो दोष समजून परत करू नये. तापल्यावर तळ सपाट व्हावा यासाठी तसा ठेवलेला असतो.

भाकरीला सपाटी वेगळ्याच कारणासाठी लागते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, ते धरून ठेवतं ते कढत पाण्याने फुललेल्या पिष्टामुळे. एक वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कढत पाणी, आधी चमच्याने कालवायचं, मग सोसेल तसं तळहाताच्या मुळाने रगडायचं. रगडणं कमी पडलं तर थापताना कडेला भेगा पडतात. पीठ जुनं असेल तर कितीही रगडा, विरी, म्हणजे धरून ठेवण्याची ताकद, गेलेल्या पिठाच्या भेगा जात नाहीत. तेव्हा थोडं पीठ आधी पाण्यात शिजवून उकड काढावी आणि त्यात बाकीचं मळावं. थापताना परातीत खाली कोरडं पीठ, बोटांचा दाब कडेवर, आणि भाकरी आपली आपण सरकत फिरली पाहिजे. अडली तर खाली पीठ कमी आहे. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली की लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर वरचा थर कोरडा पडून चिरतो, आणि भाकरी फुगत नाही. फुगणं म्हणजे आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटणं. जाडी सगळीकडे सारखी असेल तरच तो एका दमात कडेपर्यंत सुटतो. एखादी जागा पातळ राहिली तर तिथून वाफ निसटते आणि अर्धी भाकरी चपटी राहते. गोल नसलेली भाकरी फुगते. जाड-पातळ भाकरी फुगत नाही. सुनेच्या भाकरीची गोलाई तपासणाऱ्या पिढ्यांनी चुकीची गोष्ट तपासली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पापड वाळताना कडा आधी सुकते, आकसते, आणि लगेच वाटी होते. म्हणून उडदाचा पापड लाटल्यावर थेट उन्हात टाकत नाहीत. सावलीत पसरायचा, एकदा उलटायचा, अर्धवट वाळून वाकवता येईल असा असताना एकावर एक रचून वर पाटा किंवा जड डबा ठेवायचा. रातभरात ओल मध्य आणि कडेत सारखी होते. दुसऱ्या दिवशी ऊन.

आता सपाट करायचं कसं, या मूळ प्रश्नाकडे. दोन गोल दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतील, असं कुणालाही वाटेल. होत नाहीत. वरची चकती घासताना खालचीच्या कडेबाहेर जाते, त्या क्षणी वरचीच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर दाब वाढतो. वरची मध्ये झिजत जाऊन खोलगट होते, खालची कडेला झिजून फुगीर. हौशी लोक दुर्बिणीचा आरसा हाताने घासतात तो याच जोरावर. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाचं काम करते, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. रीत साधी आहे. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये काच घासणारी कार्बोरंडमची कठीण पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर पक्की बसवायची, वरची मध्यावरून मध्याकडे व्यासाच्या एक तृतीयांश पुढे-मागे. थोड्या घासण्यानंतर वरची चकती हातात जरा फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. १२२ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर प्रकाश एकवटणाऱ्या, आरशाला मध्यावर फक्त १.२ मिलिमीटर खोली लागते. ८० नंबरच्या जाड पुडीने ती काही तासांत येते. नंतरचे दिवस जातात ते आधीच्या पुडीचे खड्डे पुढच्या बारीक पुडीने काढण्यात.

मोजमापाची हत्यारं नसताना यातून अचूक गोलाचा भाग तयार होतो, कारण दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी सरकताना एकमेकांना पूर्ण चिकटून राहायचे असतील तर ते गोलाचेच तुकडे असावे लागतात, किंवा सपाट. बिघडतं बहुतेक स्वच्छतेत. पूड बदलताना आधीचा एक जाड कण नखात, फडक्यात, खालच्या वर्तमानपत्रात राहतो आणि आरशावर रेघ ओढतो. मग पुन्हा मागच्या नंबरपासून. दुसरा नेहमीचा दोष कडा पडण्याचा, तो पॉलिश करताना येतो. राळेची गादी फार मऊ असली किंवा हात घाईचा असला की कडेचे दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतात आणि ताऱ्याभोवती धुरकट झालर दिसते.

खरंच सपाट पृष्ठभाग हवा असेल तर दोन चकत्या पुरत नाहीत, तीन लागतात. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ही रीत मांडली आणि यंत्रशाळांमधलं अचूक काम तिच्यावर उभं राहिलं. पहिली दुसरीशी घासायची, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. पहिली फुगीर आणि दुसरी खोलगट असेल तर दोघींचं छान जमतं, खोट लपून राहते. पण दुसरीवर बेतलेली तिसरीही फुगीर निघते, आणि तिसरी पहिलीवर ठेवली की दोन फुगीर पाठी एकमेकींवर डुलतात. तिघी कुठल्याही जोडीत चिकटल्या तरच तिघी सपाट. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या सरफेस प्लेटला, म्हणजे सपाटी तपासायच्या पाटाला, निळा रंग लावून त्यावर नग घासतात आणि रंग लागलेले उंचवटे खरवडतात, तीही या तिघींचीच नात. जे पटकन जुळतं त्यावर या धंद्यात विश्वास ठेवत नाहीत.

जात्याला मात्र सपाटी नकोच असते. वरची पाळी मध्ये किंचित खोलगट, खालची तळी मध्ये फुगीर, आणि दोघींतली फट खुंट्याकडून कडेकडे अरुंद होत जाते. दाणा मध्ये भरडला जातो, कडेला पीठ होतो. गिरणीच्या दगडांचं तेच. फिरून फिरून दगड गुळगुळीत झाले की दाणा कापला न जाता चिरडला जातो, पीठ गरम येतं आणि मोटारवर ताण पडतो. मग टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करायची, वेळ झाली. टाकी सगळीकडे सारखी मारली तर फट बिघडते. मध्ये खोल, कडेला हलकी, आणि शेवटचा दोन बोटांचा पट्टा जवळजवळ सपाट. दाणे संपल्यावर दगड एकमेकांना लागू दिले तर पिठात कचकच येते, त्यामुळे गिरणीवाला हॉपर, म्हणजे वरची दाण्यांची पेटी, रिकामा व्हायच्या आधी दगड मागे घेतो. घरच्यांसाठी एवढंच: गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच झाकणबंद करू नये. आत वाफ धरते, गाठी होतात, आणि पीठ लवकर उतरतं.

वेगाने फिरणाऱ्या चकतीला आणखी एक भीती असते, ती फुटण्याची. ताण अवलंबून असतो कडेच्या वेगावर. हाताच्या ग्राइंडरच्या चार इंची कटिंग डिस्कला सेकंदाला ८० मीटरची मर्यादा असते, म्हणजे मिनिटाला १५ हजारांच्या वर थोडे फेरे. हीच डिस्क त्याहून वेगाच्या यंत्राला लावणं किंवा गार्ड काढून मोठी डिस्क बसवणं हा उघड मूर्खपणा आहे, आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत तो सर्रास चालतो. मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती डिस्कची मुदत. आतली राळ हवेतली ओल पिऊन कमजोर होते, त्यामुळे पावसाळाभर शेडमध्ये उघडी पडलेली डिस्क नवी दिसली तरी नवी नसते. बेंच ग्राइंडरच्या चाकाची परीक्षा वेगळी. भोकात बोट घालून चाक लटकवायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत चीर आहे, चाक फोडून टाका म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही. चाकावर चिकटवलेला गोल कागद जाहिरातीचा समजून सोलून काढतात. तो फ्लँजचा, म्हणजे चाक दोन्हीकडून आवळणाऱ्या चकत्यांचा, दाब सारखा वाटण्यासाठी असतो, त्याच्याशिवाय दगड एका टोकावर दाबला जाऊन तडकतो.

ब्रेक डिस्क वाकली, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. लिव्हर थरथरते हे खरं, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. कारमध्ये एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायाला जाणवतो. सिंहगडावरून ब्रेक दाबत उतरायचं आणि पायथ्याच्या रांगेत तापलेल्या डिस्कवर ब्रेक घट्ट धरून उभं राहायचं, हे तसा फरक पाडायचं हमखास साधन. पॅडचा थर तेवढ्या जागी चिकटून बसतो. उतारावर गिअर खाली ठेवावा, आणि थांबल्यावर शक्य तिथे हँडब्रेकवर यावं. खरी वाकण्याची वेळ येते ती गरम डिस्कवर धुलाईचं पाणी मारल्यावर, किंवा कारची चाकं बसवताना नट वेडेवाकडे आवळल्यावर. काही मोटारसायकलींवर बाहेरचं कडं आणि मधला भाग वेगळे करून बटणांनी जोडलेले असतात. कडं तापून वाढलं तरी मध्याला धरून वाकत नाही. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तिच्या खाली गेल्यावर घासून सरळ करायचा आग्रह धरू नये.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी तबकड्या मिळतात. घेताना डोळ्याच्या रेषेत आडवी धरून कडेवरून बघावी. पूर्ण वाटी झालेली तबकडी बऱ्याचदा वाजते. कडेला झालर आलेली असेल तर सुई प्रत्येक फेऱ्याला वर-खाली होते आणि सूर हेलकावतो. तबकडी वाकायला उन्हात ठेवलेल्या मोटारीत एक दुपार पुरे होते. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची, दगडाची पूड घातलेली, १० इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, आणि पुढची निदान चार दशकं गवयांनी आपला ख्याल त्या तीन मिनिटांत बसवला. ती लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. नंतरची १२ इंची विनाइलची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची, तिला पातळ केलेलं अल्कोहोल चालतं. फेरे ठरलेले असल्याने कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २०. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा घोगरं. सीडीने हे टाळलं. ती आतून बाहेर वाचली जाते आणि मध्याजवळ वेगाने, कडेला सावकाश फिरते. पुसायची रीतही उलटी. विनाइल खाचेच्या दिशेने गोल पुसायची. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ, कारण आडवी गेलेली रेघ दुरुस्त करायची सोय तिच्यात आहे, पण गोल रेघ सलग माहिती खाते. आणि सीडी जपायची ती वरची, नावाची बाजू. चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर तिकडे लॅकरच्या पातळ पुटाखाली लगेच असतो.

तबकड्या उभ्या ठेवतात. फिल्मच्या रिळांचे गोल डबे मात्र आडवे ठेवावे लागतात, नाहीतर रीळ स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटांच्या डब्यात अकरा मिनिटांचा चित्रपट मावतो. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम १९६४ पासून अशा डब्यांभोवती चालतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेटची फिल्म सडू लागली आहे, आणि घट्ट बंद डब्यात तीच वाफ सडणं वाढवते. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर पेटली की पाण्याखालीही जळते, तिचा प्राणवायू तिच्यातच असतो. २००३ मध्ये अशा नायट्रेट रिळांचा साठा इथे आगीत गेला.

बालेवाडीच्या मैदानावर फेकली जाणारी थाळी यांच्यात वेगळी, ती मुद्दाम सपाट नसते. पुरुषांची २ किलो, २२ सेंटिमीटर व्यास, मध्ये साडेचार सेंटिमीटर जाड आणि कडेला निमुळती. वजन जितकं कडेच्या धातूत तितकी ती हवेत स्थिर राहते, पण तेवढा फिरका देणारं बोट हवं, म्हणून नवशिक्याला मध्ये जड असलेली थाळी सोपी जाते. वारा समोरून असेल तर ती लांब जाते. नाक, म्हणजे पुढची कड, फार वर राहिलं तर तोच वारा तिला उभी करून पाडतो.

रविवार पेठेत बोहरी आळीला वायसर शेकड्याने मिळतात. ८ मिलिमीटर बोल्टचा वायसर आत ८.४, बाहेर १६, जाड १.६. पंचातून निघाल्यामुळे त्याची एक कड गोलसर असते आणि दुसरीला धार. रंगवलेल्या पत्र्यावर गोलसर बाजू टेकवावी, नाहीतर रंग सोलून तिथून गंज धरतो. १९४३ मध्ये सरकारने धातू वाचवायला वायसरसारखा भोकाचा पैसा काढला.

ड्रेनेजचं झाकण गोल का, तर ते कसंही फिरवलं तरी स्वतःच्या भोकात पडत नाही. चौकोनी झाकण कर्णातून पडतं. भारतीय मानकात झाकणांचे, किती भार पेलतं त्यावरून, चार प्रकार आहेत: अडीच, १०, २० आणि ३५ टन. सोसायटीच्या आवारातलं अडीच टनी झाकण पाण्याचा टँकर येईल अशा वाटेवर बसवलं की ते फुटणारच, कितीही वेळा बदला. खडखडणाऱ्या झाकणाचं कारण बहुतेक वेळा झाकणात नसतं. चौकट बसवताना खालचा मसाला एका बाजूला कमी पडतो, चौकट पिळते, आणि झाकण दोन टोकांवर टेकून डुलतं. वाळू घालून, पोतं कोंबून आवाज आठ दिवस थांबतो. चौकट उखडून, खाली सलग काँक्रीटचा थर देऊन, लेव्हल तपासून पुन्हा बसवावी लागते, आणि काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्यावरून गाड्या जाऊ द्यायच्या नाहीत. ही शेवटची अट पाळली जात नाही.